फुई आणि युरोपातल्या बिघडलेल्या सोयरिकी

युरोपातल्या राजेलोकांनी वेळेवर तळोद्याला निरोप धाडला असता, तर त्या खंडातली निम्मी युद्धं झालीच नसती. हे मत माझं नाही, माझ्या फुईचं आहे. आणि ते तिने इतक्या वेळा, इतक्या लोकांसमोर आणि इतक्या खात्रीने मांडलं आहे, की इतिहासाची पदवी घेऊनही मला ते खोडून काढताना आता घाम फुटतो. फुई म्हणजे आमच्या खानदेशात वडिलांची बहीण. बाकीचा महाराष्ट्र तिला आत्या म्हणतो, पण माझ्या फुईला एकदा पाहिलं की आत्या हा शब्द तिच्या अंगाला तोकडा होतो हे कोणालाही पटेल. सातपुड्यात जाणाऱ्या जीपा जिथे भरतात त्या चौकामागच्या गल्लीत तिचं घर आहे. युरोपचं सोडा, ती सुरतेच्या पुढे कधी गेलेली नाही, आणि सुरतेलाही गेली ती मुलाकडे, तिथे दारं लावून घेतलेल्या फ्लॅटमध्ये जीव घाबरला म्हणून लगेच परत आली. तरीसुद्धा स्पेनचं घराणं, फ्रान्सचं घराणं, ऑस्ट्रियाचं घराणं यांच्याबद्दल ती अशी बोलते जसं आपण शेजारच्या गावातल्या भावकीबद्दल बोलतो : कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाच्या घरात वेड आहे, कोणाचा मुलगा दिसायला बरा पण कामाचा नाही.

याचं कारण असं, की फुई सोयरिकी जमवायची. तो धंदा आहे असं कोणी म्हटलेलं तिला खपत नसे. ती त्याबद्दल काही घेत नसे. लग्नात मानाची साडी आणि मांडवात पहिल्या रांगेतली खुर्ची, एवढंच. पण तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आमच्या समाजात कोणत्या घरात लग्नाचं कोण आहे, हे तिला त्या घरातल्या लोकांच्या आधी कळायचं. समोर आलेल्या कुठल्याही माणसाकडे ती त्याच एका नजरेने बघायची. एकदा बँकेतला एक तरुण तिच्या खात्याची कागदपत्रं तपासायला घरी आला. त्याने तिचं नाव विचारण्याआधी तिने त्याचं गाव, आडनाव, मामाचं गाव, पगार, चष्म्याचा नंबर आणि पोटाची तक्रार आहे का, हे सगळं विचारून घेतलं. तिची कागदपत्रं तशीच राहिली. त्या मुलाचं मात्र पुढच्या उन्हाळ्यात शहाद्याला लग्न झालं, आणि तो अजूनही दिवाळीला तिच्या पाया पडायला येतो. अशी माणसं दर सणाला तिच्या ओसरीवर यायची. फुई बाजेवर बसून त्यांचे संसार तपासायची, जसा एखादा गवंडी आपण बांधलेल्या भिंतीवरून हात फिरवतो तसा.

एकच गोष्ट तिला सलायची. एवढ्या घरांत दिवे लावणाऱ्या बाईची स्वतःची धाकटी मुलगी, माझी आतेबहीण, अजून घरात होती. ती लोणखेड्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. गल्लीतल्या बायका फुईला तोंडावर काही म्हणत नसत, पण तिच्या मुलीची चौकशी इतक्या मायेने करत, की फुईला त्यापेक्षा शिवी परवडली असती.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण युरोप फुईच्या घरात मी आणला. मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात बालगीतांची पुस्तकं नव्हती. वडील चळवळीतले, त्यामुळे शिल्लक राहिलेली पत्रकं होती, गुलाबी, पिवळी, हिरवी. अक्षरओळख मला 'बंधुभगिनींनो' या शब्दापासून झाली. परिणाम असा, की मला आजही साधं बोलता येत नाही. चहात साखर कमी असली तर मी आधी परिस्थितीचं विश्लेषण करते आणि मग मागणी मांडते. फुई माझ्या पत्रकांची अत्यंत निष्ठावान वाचक आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं, कारण मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक ती गठ्ठ्याने मागून घ्यायची. पुढे एका लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी माझ्या हातात अक्षतांची पुडी आली. ती उलगडली, तर आत माझंच वाक्य : 'हुंडा देणार नाही, घेणार नाही, हुंड्याच्या लग्नाला जाणार नाही.' मी त्या लग्नाला गेलेली होते. मांडवात नवरदेवाची नवी मोटरसायकल फुलांची माळ घालून उभी होती. फुईला विचारलं तर तिने शांतपणे सांगितलं, की तुझा कागद चांगला जाड असतो, तांदूळ सांडत नाहीत. तालुक्यातल्या घराघरात हुंडाविरोधी विचार पोचवण्याचं काम आजवर कोणत्याही संघटनेला जमलं नसेल, ते फुईने केलं. फक्त तो विचार वाचून होईपर्यंत लग्न लागलेलं असायचं.

मोटरसायकलला हुंडा म्हटलेलं फुईला चालत नसे. त्याला 'हौस' म्हणायचं. मुलाकडचे म्हणणार, आम्हाला काही नको, तुम्ही हौसेने काय कराल ते करा. मग मुलीकडच्यांची हौस किती असायला हवी, हे फुई दोन्हीकडे फिरून हळूहळू ठरवणार. या हौसेवरून माझी आणि तिची भांडणं व्हायची. ती म्हणायची, तुझ्या कागदाने एक तरी लग्न जमलं का? मी म्हणायचे, जमू नयेच असं लग्न. ती म्हणायची, मग पोरींनी काय कागद चघळायचा?

आम्ही काही तरुण मुलामुलींनी मिळून एक अभ्यासगट काढला होता. राजेशाह्या कशा कोसळल्या हे लोकांना दाखवावं, म्हणून दर शनिवारी दुपारी जुने युरोपियन ऐतिहासिक चित्रपट दाखवायचे आणि नंतर चर्चा घ्यायची असं ठरलं. ज्यांच्या सभागृहात कार्यक्रम होणार होता त्यांनी जाहिरातीत 'क्रांती' हा शब्द वाचला आणि सभागृह अचानक रंगवायला काढलं. तेव्हा फुईने आपली ओसरी दिली. सुरतेच्या मुलाने तिला भिंतीएवढा टीव्ही पाठवला होता, आणि तो नुसत्या मालिका बघून फुकट चालला होता असं तिचं म्हणणं होतं.

पहिला चित्रपट फ्रान्सच्या राज्यक्रांतीवरचा होता. मी आधी ब्रेडच्या टंचाईवर बराच वेळ प्रास्ताविक केलं. मग राजवाडा, मेजवान्या, उपाशी प्रजा, संतापलेला जमाव, आणि शेवटी ते उंच चौकटीतलं पातं. ओसरीवर कोणी श्वास घेत नव्हतं. पातं खाली आलं, पडदा काळा झाला, आणि मी उठून म्हणाले की आता प्रेक्षकांनी आपली मतं मांडावीत. बाजेवरून फुईचा आवाज आला, "हाई सोयरीक कोनी जमाडी?"

मी म्हणाले, फुई, इथे सोयरिकीचा प्रश्नच नाही, इथे एका राजाचं डोकं उडालं आहे. त्यावर ती म्हणाली, "राजानं सोड. पन त्या पोरले इतली दूर कोनी दिन्ही? भाषा नई, माहेरनं माणूस नई. आठ वरीस तो तिनासंगे बोलना नई, आनि तू ब्रेडनं काय लई बसनी?" यानंतर जी चर्चा झाली तशी चर्चा माझ्या एकाही सभेत झालेली नाही. राणीचं माहेर ऑस्ट्रियात, सासर फ्रान्सात, दोन्ही घरांचं जुनं वैर, आणि वैर मिटवायला लेक दिलेली. ओसरीवरच्या प्रत्येक बाईला असं एक तरी घर माहीत होतं. क्रांतीचा विषय निघालाच नाही. निघाला तो एकदा, आमच्या गटातल्या एका मुलाने काढला, तेव्हा एका म्हातारीने त्याला प्रेमाने विचारलं की तुझं जमलं का कुठे.

त्या दिवसापासून आमचा उपक्रम माझ्या हातातून गेला. शनिवारी गर्दी वाढू लागली, पण ती चित्रपटाला नव्हे, फुईच्या मताला. कुठलंही युद्ध असो, कट असो, धर्मावरून फूट पडो, शेवटच्या पाटीनंतर माणसं मान वळवून बाजेकडे बघायची आणि फुई आपला एकच प्रश्न विचारायची. चित्रपट चांगला की वाईट, हे ठरवायची तिची रीतही एकच होती. शेवटी "पोर सुखमा पडनी" असं ती म्हणाली की चित्रपट उत्तम. अशा चित्रपटाची वाट बघत आम्ही बराच युरोप संपवला. एका राजाने चित्रकाराने रंगवलेली तसबीर बघून लग्न ठरवलं आणि प्रत्यक्ष नवरी बघून तोंड फिरवलं, तेव्हा फुई चित्रकारावर नाही, राजावर चिडली. "फोटो देखीसन कोन सोयरीक करस?" म्हणाली, आणि शहाद्याच्या एका फोटो स्टुडिओवाल्याने गोरं करून दिलेल्या कोणाकोणाच्या मुली तिने आठवून सांगितल्या. स्पेनच्या राजघराण्यात काका-पुतणीची लग्नं लागलेली कळल्यावर तिने टीव्ही बंद करायला लावला आणि जाहीर केलं, "बठ्ठा युरोप एकच भावकी शे." पांढरे टोप घातलेले दरबारी बघून हे सगळे बिजवर आहेत का असं विचारलं. आणि लग्नाचा प्रसंग आला, की मग तो कितीही कपटी राजाचा असो, ती बाजेखालच्या डब्यातून अक्षतांची पुडी काढायची, माझ्याच पत्रकाची, आणि बिशपचं बोलणं संपण्याच्या बेताला टीव्हीवर अक्षता टाकायची. वेळ चुकली तर "जरा मांगे ले" म्हणून प्रसंग परत लावायला सांगायची. मी याला आक्षेप घेतला. त्या नवरीचा पुढे शिरच्छेद होणार आहे हे तुला माहीत असताना अक्षता कशाला, असं विचारलं. ती म्हणाली, माहीत तर मला खूप जणींचं होतं.

फुईच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू बाई राहते. सातपुड्यातल्या वरच्या एका गावची, पावरा समाजातली. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. नवऱ्याला सोडून खाली आली. घरी पावरी बोलते, आणि मराठी आश्रमशाळेत शिकली, त्यामुळे आमच्या अहिराणी ओसरीवर पुस्तकी मराठी बोलणारी ती आणि मी, अशा दोघीच. फुईला प्रत्येक मताला दाद लागते आणि विरोधही लागतो. दाद द्यायला गल्ली होती, विरोधाला ही बाई.

एका शनिवारी इंग्लंडच्या एका राजाचा चित्रपट होता. त्याचं लग्न पोर्तुगालच्या राजकन्येशी ठरतं. खाली हिंदी पाट्या येत होत्या आणि त्यातली एक होती : 'दहेज में बंबई का टापू'. ओसरीवर एकदम गलका झाला. मुंबई? आपली मुंबई? हो, आपलीच, मी म्हणाले, हा खरा इतिहास आहे. मग पुढचा चित्रपट सगळ्यांनी जीव लावून पाहिला. राजाला लग्नाच्या बाईत रस नाही, त्याच्या दुसऱ्याच बाया, आणि त्यांतली एक राणीच्याच तैनातीला. राणीला मूल होत नाही. राजा आजारी पडला की उशाशी तीच बसते. फुई चडफडत होती. मुंबईसारखी मुंबई दिली, तरी पोरीची ही गत.

मागच्या खोलीतली बाई म्हणाली, "पण मुंबई देऊन आणली ना त्याने तिला. मग अशी का वागवतो?"

फुई म्हणाली, त्याने कुठे दिली, पोरीच्या बापाने दिली. बाई म्हणाली, छे, दहेज म्हणजे देज. "देज मुलाकडचे देतात. मुलगी पण द्यायची आणि वर मुंबई पण? एवढं काय अडलं होतं त्या बापाचं?"

चित्रपट थांबवावा लागला. एकाच पाटीवरून ओसरीचे दोन भाग झाले. एका भागाला दिसत होता लेकीबरोबर अख्खं बेट पाठवणारा हौशी बाप, आणि दुसऱ्या भागाला, म्हणजे त्या एका बाईला, अख्खं बेट मोजून बायको आणणारा आणि मग तिची किंमत न राखणारा राजा. फुईने आवाज चढवला, बाईने चढवला नाही. दोघी मग माझ्याकडे वळल्या. मी इतिहासाला धरून सांगितलं की मुंबई माहेरने दिली. फुई जिंकली होती. पण जिंकल्यावर ती जे नेहमी करते, मांडीवर थाप मारते, ते तिने केलं नाही. मग म्हणाली, "मंग मुंबई बी गई, आनि पोर बी."

माझ्यातलं पत्रक जागं झालं. मी उभं राहून म्हणाले, की वधूमूल्य आणि हुंडा या एकाच नाण्याच्या, आणि पुढे बरंच काही. मागच्या खोलीतली बाई म्हणाली, ते बरोबर आहे, देज घेतलेला बापही मुलीला लवकर परत घरात घेत नाही, मला माहीत आहे. पण निदान आणताना तरी त्यांना वाटतं, काहीतरी आणतोय. फुई तिच्याकडे बघत राहिली. चित्रपट संपला तेव्हा राजा मेला होता आणि राणी विधवा होऊन माहेरी परत निघाली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. फुईने तिचा प्रश्न विचारला नाही. जेवायची वेळ झाली, म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आतेबहिणीला धानोऱ्याचं स्थळ आलं. मुलगा पाटबंधारे खात्यात, घर शेतीवाडीचं, माणसं बोलायला गोड. मुलगा आणि आतेबहीण एकदा शहाद्याला भेटले होते, फुईच्याच परवानगीने. त्यावर आतेबहीण एवढंच म्हणाली की बरा आहे. ती रसायनशास्त्राची असल्यामुळे 'बरा' म्हणजे किती, हे आम्हाला कळलं नाही. फुई मात्र आनंदाने फुलून गेली होती. घर सारवल्यासारखं पुसून काढलं, गल्लीतून खुर्च्या आणल्या, आणि बैठकीच्या दिवशी मला बजावलं की तोंड उघडायचं नाही. मी हौसेवर एक छोटंसं पत्रक तयार करून पर्समध्ये ठेवलेलं तिला कळलं होतं. तिने ते काढून घेतलं आणि त्याच्या पुड्या केल्या.

चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या बाजूने बोलायला त्याचे काका होते, पांढरी टोपी, पांढरा सदरा, चांगला सावकाश बोलणारा माणूस. दोन्ही घरांची ओळखपाळख निघाली. मग त्यांनी घसा साफ केला आणि ते वाक्य म्हटलं जे फुईने जन्मभर दुसऱ्यांच्या बैठकांत ऐकलं होतं आणि पुढे चालवलं होतं. "आमले काहीच नको, याहीनबाई. पोरगा रोज धानोराथीन नंदुरबार जास, गाडीनी जरा अडचण शे. तुम्ही हौसनं जे करशात ते." याहीन म्हणजे विहीण, त्यांनी नातं आधीच जोडून टाकलं होतं.

इथे फुईने म्हणायचं होतं, करू ना, आमची एकच तर मुलगी राहिली आहे. सगळे त्या वाक्याची वाट बघत होते. सुरतेहून आलेला तिचा मुलगा तर मान डोलवायला लागलाही होता. फुईने पदर सारखा केला.

"हौस मन्ही बी शे," ती म्हणाली. "तुम्ही देज काय देशात, ते सांगा."

काकांना वाटलं की बाईंनी आपल्यावर आळ घेतला. त्यांनी दोन्ही हात कानांना लावले. "दहेजनं तं नावच नको, याहीनबाई. आम्ही दहेज लेत नई."

"लेवानं कोन म्हनस? मी देवानं इचारी ऱ्हायनू." फुई जराही रागावलेली नव्हती. घेण्याचं नव्हे, देण्याचं विचारतेय, असं ती स्थळ सांगताना बोलते तशीच समजावून बोलत होती. "एक पोरसाठे एक राजानी आख्खी मुंबई दिन्ही. तुम्ही काय देशात?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मुंबई माहेरने दिली, हे मी तिला स्वतः सांगितलं होतं आणि ती स्वतः त्या बाजूने भांडली होती. स्वयंपाकघराच्या दारात मागच्या खोलीतली बाई उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. काका मुलाच्या वडिलांकडे बघू लागले, वडील पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे. अख्ख्या खोलीत एकटा नवरा मुलगाच हसला. पण ते चेष्टेचं हसू नव्हतं. पुढे सरकून, खरंच कुतूहल वाटल्यासारखं त्याने विचारलं, "कोन्ता राजा, मावशी?"

"शे एक. तुम्हनी वयख नई," फुई म्हणाली, आपली मात्र त्याच्याशी जुनी ओळख असल्यासारखी.

आतेबहीण चहाचे कप उचलायला आली होती. तीही हसली. तिचं आणि त्या मुलाचं हसू एकाच वेळी आलं, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण तोवर काका उठून उभे राहिले होते. ते फुईला म्हणाले, "तुम्ही मस्करी करी ऱ्हायनात." फुई म्हणाली, नाही. त्यांनी टोपी सारखी केली. माणसं चपला घालू लागली, आणि सगळ्यांत शेवटी चपला घातल्या त्या मुलाने.

माझी अवस्था काय सांगू. जे माझ्या गठ्ठ्यागठ्ठ्यांनी कागदांना जमलं नाही ते चुकीच्या अर्थाने घेतलेल्या एका हिंदी पाटीने घडवलं होतं. खानदेशात एका मध्यस्थ बाईने, स्वतःच्या लेकीच्या बैठकीत, हौस या शब्दाचा मुखवटा टराटरा फाडला होता, आणि तेही इतिहास संपूर्ण उलटा करून. माझ्या डोक्यात मथळा तयार झाला. मी पेन शोधत आत गेले. आत आतेबहीण ओट्यापाशी कप विसळत होती, आणि फुई तिच्या मागे उभी राहून, आपण काय केलं ते तिला समजावत होती. तुला असं फुकट देणार नाही, गाडीवर बसवून देणार नाही, असं काहीतरी. आतेबहिणीने नळ बंद केला.

"माय, हाई सोयरीक कोनी जमाडी, हाई तू बठ्ठा युरोपले इचारस," ती म्हणाली. "मन्ही कोनी मोडी, हाई बी एक डाव इचार." आणि मग, कप पालथे घालत, "माले तो पसंत व्हता. माले कोनी इचारंच नई. त्यासनी बी नई, तू बी नई."

मी मथळा लिहिला नाही. फुई त्या ओट्यापाशी किती वेळ उभी होती, ते मला माहीत नाही. मी बाहेर येऊन खुर्च्या एकात एक घालत बसले.

तळोद्यातली ती बाई मुलीचं देज मागते, ही बातमी जीपांबरोबर डोंगरात गेली तेव्हा तिकडे कोणाला त्यात बातमी दिसली नाही. पण एस.टी.बरोबर ती तापीकाठी गेली, तेव्हा तिने फुईचं सगळं आयुष्य उलटंपालटं केलं. स्थळं सांगायला येणारे येईनासे झाले. म्हणायचे, डोक्यावर परिणाम झाला, परदेशी पिक्चर बघून. ज्यांची लग्नं तिने जमवली होती ते सणाला बाहेरूनच नमस्कार करू लागले. बँकेतला तो एक मुलगा मात्र येतो. गावात लग्न असलं की फुई जाते, पण पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर दुसरी कोणीतरी असते. धानोऱ्याच्या मुलाचं वर्षाच्या आत दुसरीकडे झालं. शहाद्याच्या बाजारात त्याची नवी गाडी फुईने पाहिली. घरी येऊन एवढंच म्हणाली, की रंग चांगला आहे.

आतेबहिणीने लोणखेड्याला खोली घेतली. रोजचा प्रवास परवडत नाही, असं कारण तिने दिलं, आणि फुईने ते मान्य केलं. ती शनिवारी येते. आमचा अभ्यासगट केव्हाच विस्कटला, पण शनिवार तसाच आहे. आता ओसरीवर चौघीच असतो : फुई, मागच्या खोलीतली बाई, आतेबहीण आणि मी. मी प्रास्ताविक करत नाही. फुई मतं मांडते, पण हल्ली ती मतं मांडताना मध्येच थांबते आणि तुला काय वाटतं, अशा अर्थाने मुलीकडे बघते. मुलगी खांदे उडवते. एवढ्यावरच फुई पुढचं वाक्य बोलते.

गेल्या शनिवारी लग्न न करणाऱ्या एका राणीचा चित्रपट होता. चित्रपटभर दरबारी तिच्यापुढे स्थळं आणत होते, फ्रान्सचं, स्पेनचं, स्वीडनचं, आणि फुई नेहमीप्रमाणे प्रत्येक स्थळाची घरं, माणसं, खोडी सांगत होती, थोड्या जुन्या जोमाने. राणी एकेकाला परत पाठवत होती. शेवटी ती पांढरे कपडे घालून एकटीच दरबारात चालत येते. दोन्ही बाजूंना माणसं वाकतात. घंटा वाजू लागल्या. फुईचा हात सवयीने बाजेखाली गेला, पुडी निघाली, आणि मग तसाच राहिला. कारण इथे नवरदेव नव्हता, बिशप नव्हता, लग्नच नव्हतं. तिने पुडी उलगडली होती. तांदूळ कुंकवाने लाल झालेले होते, आणि त्यांच्याखाली माझ्या अक्षरांचा एक तुकडा.

तिने टीव्हीकडे पाहिलं नाही. मुलीकडे पाहिलं.

"टाकू का?" फुईने विचारलं.

आतेबहिणीने राणीवरची नजर काढली नाही. राणी सिंहासनाच्या पायरीपर्यंत पोचली होती.

"टाक," ती म्हणाली. "पन हयू."

फुईने खरंच हळू टाकल्या. थोड्या टीव्हीवर वाजल्या, आणि थोड्या अलीकडेच पडल्या, लेकीच्या केसांत.